पाऱ्याचे ४.९ व्होल्ट

अणूतील सर्वांत सैल बांधलेला इलेक्ट्रॉन पूर्णपणे सुटा करण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेस आयनीभवन ऊर्जा म्हणतात. ती मोजण्याची पद्धत फिलिप लेनार्ट यांनी १९०२ च्या सुमारास घालून दिली: इलेक्ट्रॉनांना ज्ञात विद्युतदाबाने वेग देऊन विरळ वायूत सोडायचे आणि कोणत्या दाबाला धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, ग्राहक पट्टीवर येऊ लागतात ते पाहायचे. जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी हीच पद्धत सुधारून १९१३ मध्ये बर्लिन येथे हेलियमसाठी सुमारे २०.५ व्होल्ट हा आकडा काढला. आज तो २४.६ मानला जातो. पुढील वर्षी पाऱ्याच्या वाफेत त्यांना ४.९ व्होल्ट मिळाले आणि तीच पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा, असे त्यांनी जाहीर केले.

मोजमाप अचूक होते, पण त्याचा अर्थ वेगळा होता. १९१५ मध्ये नील्स बोर यांनी सुचवले की एवढ्या ऊर्जेने पाऱ्याचा अणू फुटत नाही, तर वरच्या ऊर्जापातळीवर जातो, म्हणजे उत्तेजित होतो, आणि परतताना २५३.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकतो. हा प्रकाश ग्राहक पट्टीवर पडून तिच्यातून इलेक्ट्रॉन उडवतो. पट्टीतून ऋण प्रभार निघून जाणे आणि तिच्यावर धन आयन येऊन पोहोचणे या दोहोंमुळे विद्युतमापीचा काटा एकाच बाजूला सरकत असल्याने लेनार्ट यांच्या मांडणीत त्यांतील भेद कळणे शक्यच नव्हते. अमेरिकेत बर्गन डेव्हिस आणि गाउचर यांनी १९१७ मध्ये नळीत आणखी एक जाळी बसवून हा भेद उघड केला. खरे आयन १०.४ व्होल्टच्या आसपास प्रकटले. आपला निष्कर्ष बदलावा लागूनही फ्रँक-हर्ट्झ यांच्या प्रयोगाचे मोल वाढलेच, कारण अणू ऊर्जा ठरावीक मापातच स्वीकारतो याचा तो थेट पुरावा ठरला आणि त्यासाठी त्यांना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयनीभवन ऊर्जा मोजण्यासाठी अध्यापन प्रयोगशाळांत पुढे झेनॉनसारख्या वायूने भरलेली थायरॅट्रॉन नळी रुळली. तप्त ऋणाग्राभोवती साचलेला इलेक्ट्रॉनांचा मेघ, म्हणजे अवकाश-प्रभार, विद्युतप्रवाहाला आवर घालतो. आयनीभवन सुरू होताच मंदगती धन आयन त्या मेघाचा प्रभाव पुसतात आणि प्रवाह एकाएकी उसळतो. प्रकाशाने उडालेल्या थोड्या इलेक्ट्रॉनांमुळे अशी उसळी येत नाही, हे या मांडणीचे मोठे बळ आहे. मात्र ऋणाग्र आणि धनाग्र वेगवेगळ्या पदार्थांचे असल्याने त्यांच्यात मुळातच एक संपर्क-विभव असतो; व्होल्टमापीच्या वाचनात त्याची दुरुस्ती केल्याखेरीज झेनॉनचे १२.१ व्होल्ट हाती लागत नाहीत.