यिर्मयाचे पाचारण

यिर्मया (इ. स. पू. सातवे–सहावे शतक) : यहूदा राज्याच्या अखेरच्या काळातील हिब्रू संदेष्टा. यरुशलेमच्या ईशान्येला सुमारे ५ किमी. वर असलेल्या अनाथोथ गावातील याजक हिल्कीया याचा मुलगा. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या १३व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७च्या सुमारास, त्याला परमेश्वराचे बोलावणे आले.

आपण लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, असे त्याने सांगून पाहिले. मोशेनेही जड जिभेची सबब पुढे केली होती, आणि यशया आपल्या अशुद्ध ओठांच्या जाणिवेने हादरला होता. यिर्मयाच्या मुखाला परमेश्वराने स्पर्श केला, त्यात आपली वचने घातली. त्याला साऱ्या देशासमोर पितळेच्या तटासारखे उभे करण्याचे अभिवचनही दिले. मुलाची भीती मात्र तेवढ्याने गेली नाही, आणि त्याच्या नावाचा ग्रंथ ती कुठेही झाकत नाही.

या सेवेची किंमत जबर होती. लग्न करायचे नाही, सुतकाच्या घरी जायचे नाही, मेजवानीला बसायचे नाही. खुद्द अनाथोथकरांनी त्याच्या जिवावर कट केला. पशहूर याजकाने त्याला मारहाण करून खोड्यात अडकवले. ११ ते २० या अध्यायांत विखुरलेल्या त्याच्या विलापप्रार्थना हा संदेष्ट्यांच्या साहित्यातील सर्वांत धीट भाग म्हणावा लागेल. १५व्या अध्यायात तो परमेश्वरालाच ऐन वेळी आटणाऱ्या ओढ्याच्या जागी ठेवतो. उत्तर कठोर येते : आधी मागे फिर, मग पुन्हा माझे मुख होशील. त्यापाठोपाठ पितळेच्या तटाचे तेच जुने अभिवचन पुन्हा दिले जाते. पाचारण एकदाच होऊन संपत नाही. खचलेल्या माणसाचे ते नव्याने व्हावे लागते, हे इथे स्पष्ट दिसते. २०व्या अध्यायात तर स्तुतीला लागूनच तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो.

पुढे सिद्कीया राजापुढे त्याने बाबेलला शरण जाण्याचा अप्रिय सल्ला न डगमगता दिला. त्याच राजाला त्याने काकुळतीने विनवले, की योनाथान लेखकाच्या घरातल्या कैदेत मला परत पाठवू नका, मी तिथे मरेन. पुढे त्याला चिखलाच्या टाक्यात टाकले गेले, तेव्हा कूशी एबद-मलेखाने त्याला वर काढले. नंतर राजाशी काय बोलणे झाले असे सरदारांनी विचारले, तेव्हा राजाने पढवलेले उत्तर देऊन त्याने वेळ निभावली.

यरुशलेम पडल्यावर (इ. स. पू. ५८७/५८६) उरलेल्या लोकांनी त्याला लेखनिक बारूखासह मिसरात नेले. या कथनानंतर, कालक्रम मोडून, यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षातील एक छोटा अध्याय येतो. त्यात बारूखही थकल्याची तक्रार करतो. त्याला बजावले जाते, की स्वतःसाठी मोठेपणा शोधू नकोस, जाशील तिथे तुझा जीव तेवढा वाचेल.