घातांक : खांद्यावरचा अंक आणि कीबोर्डची कळ

संगणकावर गणिताची प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या अध्यापकाला घातांक टंकित करताना जी अडचण येते, तिचे मूळ संगणकापेक्षा बरेच जुने आहे. घातांक दाखवते ती चिन्हाची जागा. दहाच्या उजव्या खांद्यावर लहान पाच बसला की एक लाख होतात. तोच पाच ओळीवर उतरला की एकशे पाच. कीबोर्ड चिन्हे देतो, जागा देत नाही.

ही जागा गणितात उशिरा आली. अरबी बीजगणितात अज्ञात राशीला 'शय', तिच्या वर्गाला 'माल' आणि घनाला 'काब' म्हणत. चौथा घात 'माल माल', पाचवा 'माल काब'. भास्कराचार्यांकडेही वर्ग, घन, वर्गवर्ग असे शब्दच आहेत. पंधराव्या शतकातील अंदलुसचे गणिती अल-कलसादी यांच्या ग्रंथांत शीन, मीम, काफ ही या शब्दांची आद्याक्षरे सहगुणकाच्या डोक्यावर लिहिलेली आढळतात. या पद्धतीचे श्रेय पूर्वी त्यांनाच दिले जाई. मात्र मगरिबमध्ये ती त्यांच्या आधीपासून रूढ होती. फ्रान्समध्ये निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात घात अंकाने दाखवला, आणि १६३७ मध्ये देकार्तच्या 'ला जेओमेत्री'मुळे आजची रीत स्थिरावली. गंमत अशी, की वर्गासाठी खुद्द देकार्त पुष्कळदा तेच अक्षर दोनदा लिहीत असे.

छापखान्यात लहान खिळा वर बसवता येई, टंकयंत्राचा रूळ अर्धी ओळ फिरवता येई. छिद्रपत्रांवर चालणाऱ्या संगणकाला ही सोय नव्हती. म्हणून १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत घातांकासाठी दोन तारका आल्या : १०**५. १९६३ च्या आस्की संकेतावलीत वर रोखलेला बाण (↑) होता आणि १९६४ च्या बेसिक भाषेने तो घातांकासाठी वापरला. पुढे १९६७ च्या सुधारणेत बाणाच्या जागी फ्रेंचसारख्या भाषांतील स्वरावरचे टोपीसारखे चिन्ह (^) बसवले गेले. आज आपण ज्याला घातांकाची खूण समजतो ती अशी वारशाने आली आहे. सर्वांनी तो वारसा मानला नाही. 'सी' भाषेत १०^५ चे उत्तर १५ येते, कारण तेथे हे चिन्ह द्विमान अंकांची वेगळीच क्रिया करते. म्हणजे एकाच लेखनातून लाख, एकशे पाच किंवा पंधरा!

मराठीत टंकन करणाऱ्यापुढे आणखी एक पेच आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट आणि ६ दाबल्यास टोपी न उमटता 'त्र' उमटतो. टोपीसाठी इंग्रजी कीबोर्डवर जावे लागते. युनिकोडमध्ये रोमन वळणाचे उंचावलेले अंक आहेत, पण घातांकासाठी देवनागरी अंक नाहीत. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ मध्ये समाविष्ट झाले. बीजगणिताच्या वाट्याला ते आले नाहीत.

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबली की अंक वर जातो. परंतु ही केवळ सजावट असते. तोच मजकूर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवला, की खांद्यावरचा पाच गुपचूप ओळीवर येतो आणि मुद्रितशोधकाला १०५ मध्ये काहीच वावगे दिसत नाही.