पहाडगंजच्या भिंती

मार्च १७३९. इराणच्या नादिरशहाची फौज दिल्लीत उतरली होती. तिच्यातली एक तुकडी शहराच्या तटाबाहेर पहाडगंजला गेली, तिथली धान्याची कोठारं उघडायला आणि धान्याचा भाव ठरवायला. ठरवलेला भाव व्यापाऱ्यांना मान्य नव्हता. बाचाबाची झाली, गर्दी जमली, काही इराणी शिपाई मारले गेले, आणि त्या गलक्यातून आवई उठली की खुद्द नादिरशहाच मेला. आवई खोटी होती. पण तिच्या पाठोपाठ दिल्लीत जी कत्तल झाली, ती इतिहासात कायमची नोंदली गेली.

पहाडगंज असं बाजाराच्या आवाजातच वाढलं. शाहजहानाबादच्या, म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीच्या, अजमेरी दरवाजाबाहेरची ही पेठ मोगल काळात शाहगंज म्हणूनही ओळखली जाई, आणि जवळच्या रायसिना टेकडीमुळे तिला पहाडगंज हे नाव पडलं असं मानतात. तटाबाहेरचा हा मोठा धान्यबाजार. म्हणजे पहाटेपासून बैलगाड्या, मापाऱ्यांचा पुकारा, हमालांची हाकाटी. अशा पेठेशेजारी माणसं झोपत कशी असतील? या प्रश्नाचं उत्तर त्या काळच्या घरबांधणीत आहे.

जुन्या दिल्लीतलं सधन घर रस्त्याकडे पाठ करून बसे. बाहेरच्या अंगाला कोरी, जाड भिंत, दारातून आत गेलं की ड्योढी, तिथे एक वळण, आणि मग चौक. खोल्यांची तोंडं चौकाकडे. पुण्यातला किंवा वाईतला वाडा पाहिलेल्याला हे परकं वाटणार नाही. आपली देवडी आणि तिथली ड्योढी हे शब्दही एकाच घराण्यातले. ड्योढीतलं वळण मुख्यतः पडद्यासाठी होतं, पण आवाजालाही ते अडवी. गल्लीतला पुकारा सरळ माजघरात घुसू शकत नसे, भिंतींवर आपटत, थकत आत येई.

भिंत बांधत लखौरी विटेची. ही वीट इंचभर जाडीची, चपटी. अशा विटांचे थर चुना आणि सुरखीत, म्हणजे विटेच्या भुकटीत, बसवत. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालायचीही रीत होती. भिंतीची जाडी हात-दीड हात सहज भरे. छताला लाकडी कड्या, त्यांवर फळ्या किंवा दगडी फरशा, आणि वर मातीचा जाड थर. मराठवाड्यातल्या माळवदाची ही उत्तरेकडची भावंडं. वरच्या मजल्यावर मूल धावलं तर त्याच्या पावलांचा आवाज ती माती पिऊन टाकी. हे सगळं उन्हासाठी होतं, आवाजासाठी कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण दिल्लीचा जून अडवणारी भिंत दिल्लीचा बाजारही अडवी.

मग आगगाडी आली. नवी दिल्ली वसवताना मध्यवर्ती स्थानक आजच्या कॅनॉट प्लेसच्या जागी असावं अशी कल्पना होती. ती बाजूला पडली आणि पसंती मिळाली पहाडगंजला. १९२६मध्ये अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्यामध्ये एका फलाटाचं छोटं स्थानक मंजूर झालं. आज तिथे सोळा फलाट आहेत, आणि त्यांतला पहिला पहाडगंजच्या बाजूला. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने निघालेला माणूस त्या बाजूने बाहेर पडला की समोरच रस्त्यापलीकडे पहाडगंज सुरू होतं. बाजाराच्या आवाजाला निदान रात्र होती. रेल्वेला ती नाही. शिट्टी कान टोचते, पण जड गाडीची घरघर जमिनीतून, पायातून, जोत्यातून चढते आणि खाटेपर्यंत पोचते. ती नुसत्या जाड भिंतीने थांबत नाही.

तरीही खरी मोडतोड १९४७नंतर झाली. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती, १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. पाकिस्तानातून उखडून आलेली कुटुंबं जिथे जागा मिळाली तिथे राहिली, आणि पहाडगंजने त्यांतल्या पुष्कळांना पोटात घेतलं. एका घराची चार घरं झाली. मधे घातलेली भिंत साडेचार इंची, एकेरी विटेची, किंवा नुसत्या लाकडी फळ्यांची. पलीकडचा खोकला, भांडण, रेडिओ, तान्ह्याचं रडणं सगळं अलीकडचं झालं. याबद्दल त्या माणसांना दोष देणं अन्याय होईल. डोक्यावर छप्पर हवं असताना शांततेचा हिशेब कोण करणार? पण शांतता गेली ती तेव्हा गेली, आणि ती गेल्याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात झाली नाही.

याच परिसरात आरामबागेजवळ मराठी मुलांसाठी सुरू झालेली नूतन मराठी शाळा आहे. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांचा पहाडगंज आणि करोलबागेशी जुना संबंध आहे तो असा. वाड्यातून आणि चाळीतून आलेल्या या मंडळींना शेजाऱ्याचा आवाज नवा नव्हता. रात्रभर शंटिंग करणारं इंजिन मात्र नवं असणार.

१९६२ हे साल या गोष्टीत लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा लागू झाला, आणि त्याच वर्षाचं भारतीय मानक आयएस १९५० इमारतींमधल्या ध्वनिरोधनाबद्दल आहे. म्हणजे दोन घरांमधली भिंत किती आवाज अडवते याचा विचार देशात कागदावर आला होता. गल्लीतल्या गवंड्यापर्यंत तो कागद पोचला नाही. पुढे सत्तरच्या दशकात युरोपातून जमिनीच्या वाटेने येणारे हिप्पी पहाडगंजच्या मेन बझारमध्ये उतरू लागले, घरांची लॉज झाली, मजल्यावर मजले चढले. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त मिळे, आणि शांतही तीच असे. जुन्या घरातलं माजघर जणू भाड्याने मिळू लागलं, फक्त चौक आणि त्याची हवा वगळून.

कायदा आला २००० साली. ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५ अशी मर्यादा घातली. पहाडगंजमध्ये खाली दुकान, मधे लॉज, वर कुटुंब. तिथे कुठला आकडा लावायचा? आकड्यांचा भांडणात फारसा उपयोग होत नाही, हे तिथे राहणारा कुणीही सांगेल. आवाज तर वाढतच गेले: २००५च्या अखेरीस रामकृष्ण आश्रम मार्गाचं उन्नत मेट्रो स्थानकही या वस्तीच्या कडेला उभं राहिलं.

म्हणून माणूस पुन्हा भिंतीकडे वळतो, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. भिंतीला स्पंज चिकटवला किंवा अंड्यांचे ट्रे ठोकले की आवाज बंद, ही समजूत पक्की आहे. वॉलेस सबाइनने १८९५पासून हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात गाद्या नेऊन प्रयोग केले, तेव्हापासून मऊ वस्तूंचं काम माहीत आहे: त्या खोलीतला घुमारा शोषतात. बाहेरचा भोंगा त्यांना अडवता येत नाही. त्याला वजन लागतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची भिंत ढोबळमानाने ४५ डेसिबल अडवते, आणि जाडी दुप्पट केली तरी भर पडते पाच-सहाचीच. उलट पन्नास अडवणाऱ्या भिंतीत शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर ती उरते वीसची. दाराखालची फट, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक, न बसणारी खिडकी: सारा पहाडगंज तिथूनच आत येतो. पहिला खर्च तिथे रबरी पट्टीवर करावा, मग दुहेरी काचेवर, आणि भिंतीसमोर पोकळी सोडून जिप्सम बोर्ड व रॉकवूल सगळ्यात शेवटी.

पण फट बुजवली की हवाही बुजते. चौक असलेल्या घराला ही अडचण नव्हती; हवा वरून येई, आवाज बाहेर राही. आज खिडकी बंद करणाऱ्याला एसी लावावा लागतो, आणि एसीचं बाहेरचं युनिट दोन इमारतींमधल्या हातभर बोळात टांगलं जातं. तिथे त्याचा गुरगुराट दोन्ही भिंतींवर आपटत वर चढतो. मग समोरचं कुटुंबही मे महिन्याच्या रात्री आपली खिडकी लावून घेतं.