साडेचारशेचा सेलेरॉन आणि न दिसणारी चूक

प्रोसेसरवर छापलेला वेग म्हणजे कंपनीने दिलेली हमी असते. चिप त्याहून जास्त धावू शकते, पण तिथे हमी संपते आणि आपली जबाबदारी सुरू होते. आज हे एका जुन्या उदाहरणावरून पाहू.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. बस ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणजे वेग ३००. गुणक बदलता येत नव्हता. पण बस १०० केली की तीच स्वस्त चिप ४५० वर धावायची! त्या वेळी सर्वांत वेगवान पेंटियम टू तेवढाच होता. साहजिकच लोक तुटून पडले. पण सगळ्यांच्याच चिप्स काही टिकल्या नाहीत. कुणाचा संगणक मध्येच हँग व्हायचा, कुणाच्या फाइली बिघडायच्या.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, एकदम १०० नको, आधी ८३ करून पाहू. पण ८३ ला पीसीआय बसचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे ३३ ऐवजी साडेएकेचाळीस व्हायचा. हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच बसवर. तो गोंधळला की डेटा खराब, आणि दोष मात्र प्रोसेसरला! १०० ला ४४०बीएक्स चिपसेट तीनाने भागायचा, म्हणून पीसीआय पुन्हा ३३ वर. म्हणजे मधली पायरीच जास्त धोक्याची.

दुसरा उपाय व्होल्टेज वाढवण्याचा. २.० चे २.२ केले तर ट्रान्झिस्टर चपळ होतात, पण त्याच वेगाला उष्णता सुमारे २१ टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि तापलेली चिप पुन्हा मंदावते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मूळ वेगावर यायचं. दोष तिथेही राहिला, तर तो बहुधा वेग वाढवल्यामुळे आलेला नाही.

पण स्थिर झालं हे कसं ओळखायचं? विंडोज उघडली, हा काही पुरावा नव्हे. मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेला प्राइम९५ इथे कामी आला. तो तासन्‌तास आकडेमोड करतो आणि आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो.

हे फक्त हौशी लोकांचंच दुखणं होतं का? नाही. एएमडीशी चाललेल्या शर्यतीत इंटेलने जुलै २००० च्या अखेरीस १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला. थॉमस पाब्स्ट यांच्या चाचणीत त्यावर लिनक्स कर्नल धड कंपाइलच होईना. ऑगस्टच्या अखेरीस इंटेलने तो परत बोलावला.

हँग होणारा संगणक निदान सांगतो तरी. न थांबता चुकीचं उत्तर देणारा संगणक ओळखायचा, तर उत्तर आधी दुसरीकडून माहीत असावं लागतं. आपल्या हिशेबांचं, आपल्या फोटोंचं उत्तर दुसरीकडे कुठे असतं?