शुफा अहवालातील चुका : तपासणी, दुरुस्ती आणि पतगुणांक

जर्मनीत घर भाड्याने घेताना, मोबाइलचा करार करताना किंवा गृहकर्ज मागताना ‘शुफा’चे नाव हमखास पुढे येते. १९२७ मध्ये बर्लिन येथे सुरू झालेल्या आणि आज वीसबाडेन येथे मुख्यालय असलेल्या या खासगी पतमाहिती संस्थेकडे साडेसहा कोटींहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आहेत. भारतातील सिबिल गुणांक येथे चालत नाही; पत येथील व्यवहारांवरूनच ठरते. गुणांकाविषयी वाद घालून सहसा काही हाती लागत नाही. मात्र त्यामागची चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

अहवाल कसा मिळवावा

युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण नियमावलीच्या कलम १५ नुसार आपल्या माहितीची प्रत, म्हणजे ‘डाटेनकोपी’, विनामूल्य मागवता येते. घरमालकासाठीचे सशुल्क प्रमाणपत्र निराळे. डाटेनकोपीत सर्व खासगी तपशील असल्याने ती घरमालकाच्या हाती देऊ नये.

काय तपासावे

नाव, जन्मतारीख आणि जुने-नवे पत्ते प्रथम पाहावेत. मराठी नावातील वडिलांचे किंवा पतीचे नाव जर्मन अर्जात कधी पहिल्या नावाला जोडले जाते, तर कधी गळते. बंद केलेले खाते चालू दिसणे, फेडलेले कर्ज थकीत दिसणे, मुदत संपलेली नोंद कायम राहणे, या चुकांकडेही लक्ष द्यावे.

न्यायालयाचा आदेश नसताना केवळ न भरलेल्या बिलावरून थकबाकी नोंदवायची, तर देय तारखेनंतर किमान दोन लेखी स्मरणपत्रे, पहिल्या स्मरणपत्रानंतर चार आठवड्यांचा अवधी आणि अशा नोंदीची पूर्वसूचना आवश्यक असते. रक्कम मान्य नसल्यास तसे वेळीच लेखी कळवावे. वादग्रस्त रकमेची अशी नोंद करता येत नाही.

फेडलेल्या थकबाकीची नोंद सर्वसाधारणपणे ३ वर्षांनी पुसली जाते. १ जानेवारी २०२५ पासून, थकबाकी शुफाला कळवल्यापासून १०० दिवसांत फेडली आणि दुसरी नकारात्मक नोंद नसेल, तर ही मुदत १८ महिन्यांवर येते.

दुरुस्ती कशी करावी

शुफा आणि माहिती पुरवणारी बँक वा कंपनी, दोघांनाही लेखी कळवावे. कोणती नोंद, तिच्यात काय चूक आणि पुरावा कोणता, हे नेमके लिहावे; पावतीची किंवा खाते बंद झाल्याच्या पत्राची प्रत जोडावी. कलम १६ नुसार दुरुस्ती, कलम १७ नुसार बेकायदा नोंद पुसणे आणि कलम १८ नुसार पडताळणी होईपर्यंत नोंदीच्या वापरावर निर्बंध मागता येतो. उत्तरासाठी मुदत एक महिन्याची असते; गुंतागुंतीच्या प्रकरणात ती आणखी दोन महिने वाढू शकते.

दाद न मिळाल्यास शुफाच्या लोकपालाकडे विनामूल्य अर्ज करता येतो. हेसन राज्याच्या डेटा संरक्षण आयुक्तांकडे तक्रार आणि न्यायालय हे पुढील मार्ग आहेत.

दुरुस्तीस लागणारा हा काळ ध्यानी घेता, घराचा शोध किंवा कर्जाचा अर्ज सुरू करण्यापूर्वी निदान तीन महिने आधी अहवाल मागवणे इष्ट. अर्ज नाकारला गेल्यानंतर चूक सापडली, तर नोंद सुधारते. पण हातचे घर तोवर दुसऱ्याला गेलेले असते.