ढाण्या वाघाची ओळख

मराठीत ‘वाघ’ हा शब्द आपण सैल हाताने वापरतो. बिबट्याही वाघ, पट्टेरीही वाघ. पट्टेरीच सांगायचा असेल तर ‘ढाण्या’ म्हणावे लागते. म्हणून आदिलाबादेतील आपल्या घराण्यांत चालत आलेल्या शिकारकथांतला प्रत्येक वाघ ढाण्याच होता, असे धरून चालता येत नाही.

निजामी अमदानीत वाघाविषयीचे लिखित ज्ञान बहुधा बंदुकीच्या वाटेने आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान नावाजलेले शिकारी होते आणि त्यांच्या शिकारींची छायाचित्रे राजा दीनदयाळ यांनी टिपली. मारलेल्या वाघाची लांबी मोजता येते. तो एका रात्रीत किती चालतो, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते ठाऊक असे हाका घालणाऱ्यांना, गुराख्यांना, रानात राहणाऱ्या गोंड-कोलामांना. त्यांचे हे जाणतेपण कागदावर फारसे उतरले नाही, ही आमच्या मते या इतिहासातील मोठी उणीव होय.

माग काढण्याची तीच विद्या पुढे सरकारी गणनेचा आधार झाली. १९६६ साली ओडिशातील सरोज राज चौधरी यांनी पंजाचा ठसा काचेवर उतरवून घेण्याची पद्धत मांडली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. परंतु चिखलातला ठसा निराळा आणि धुळीतला निराळा उमटतो. राजस्थानातील सरिस्क्यात कागदावर वाघ होते, रानात एकही उरला नव्हता, हे २००५ मध्ये उघड झाले.

तोवर उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ ओळखण्याची रीत रुजवली होती. पट्ट्यांची नक्षी दोन वाघांत सारखी नसते. एकाच वाघाच्या दोन कुशींवरही ती वेगळी असते, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे हवीत. या रीतीवर आधारलेल्या २००६ च्या गणनेत आकडा १,४११ वर आला. २०२२ च्या गणनेत ३,६८२.

कव्वालचे अभयारण्य १९६५ चे, व्याघ्रप्रकल्प २०१२ चा. तेथे येणारे वाघ मुख्यतः महाराष्ट्रातून, ताडोबा आणि टिपेश्वरच्या बाजूने येतात. टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली, तेव्हा त्याची वाट प्रथमच सविस्तर उमगली: आदिलाबादच्या रानांतून फिरत, विदर्भ-मराठवाड्याची शेते तुडवीत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक. पैनगंगेची जी हद्द आपल्या सोयरिकींनी कधी मानली नाही, ती त्यानेही मानली नाही.

ही वाट कपाशीतून जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये आसिफाबाद जिल्ह्यात दोन आदिवासी तरुण जीवांचा वाघाने बळी घेतला. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरच्या रानात दोन वाघ मेलेले आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, तिथेच, कापूस वेचणारी एक तरुणी वाघाच्या हल्ल्यात गेली. त्यानंतर वेचणाऱ्यांना डोक्यामागे बांधायचे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटण्यात आले. वाघ पाठीमागून येतो, या जुन्या अनुभवावर बेतलेली ही युक्ती सुंदरबनात पूर्वी वापरली गेली होती.