पिकातूनच निवडलेले बीज

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांचे बी जपले. त्यातून 'एचएमटी' हे वाण तयार झाले. क्ष-किरणांच्या लेसरची गोष्ट सांगताना आम्हांला हेच उदाहरण जवळचे वाटते.

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी धावतात व प्रकाश देतात. १९७६ साली स्टॅनफर्ड येथे जॉन मेडी व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांबरोबर दुसऱ्या लेसरचा प्रकाश सोडून तो वाढवून दाखवला. आधी सोडलेला हा प्रकाश म्हणजे 'बीज'. त्याच्या तालावर इलेक्ट्रॉनांचे पुंजके बनतात.

क्ष-किरणांसाठी बीज देणारा लेसरच नव्हता. म्हणून २००९ साली अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत मिळालेले ०.१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण इलेक्ट्रॉनांच्या विस्कळीत प्रकाशातूनच वाढलेले होते. झोत प्रखर होता, पण त्यात जवळजवळच्या अनेक तरंगलांब्यांची सरमिसळ होती. बारीक तपासणीला मात्र एकच तरंगलांबी हवी.

२०१२ साली तिथेच तोडगा निघाला. चुंबकांच्या रांगेच्या पहिल्या भागातील क्ष-किरण हिऱ्याच्या पातळ स्फटिकातून पार केले. त्यांच्यामागून एकाच अरुंद पट्ट्यातील किरणांची शेपटी किंचित उशिराने येते. इलेक्ट्रॉनांना वळसा घालायला लावून या शेपटीशी त्यांची गाठ घातली. दुसऱ्या भागात तेवढीच वाढली. तरंगलांब्यांचा पसारा ४० ते ५० पटींनी आटला.

बाहेरून बियाणे मिळत नसेल, तर उभे पीक नीट निरखावे. हे धानाच्या बांधीत खरे, तसेच प्रयोगशाळेतही.